हरणाला शेंदूर

“साखर नको,” क्षितिजा म्हणाली. “सरांबरोबर काम करून सवयच सुटली.”

बाबा घरी दोन चमचे साखर घ्यायचे. संहिताने ते सांगितलं नाही. बिनसाखरेचा कप पुढे सरकवून ती समोर बसली.

बाबांना जाऊन महिना होत आला होता. सुदामा नगरच्या घरी भेटायला येणारे आता थांबले होते, आणि आज ही पचमढीहून बसने आली होती. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात, कड्यांवरची प्राचीन चित्रं जपायचं बाबांचं काम आता तिच्याकडे होतं. बोलताना मानही तशीच तिरकी करायची. बाबांसारखी.

“कपारीतल्या चित्रातल्या त्या हरणाला सर थोरली लेक म्हणायचे, माहितेय ताई?”

“माहितेय. या उन्हाळ्यात माझ्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मला दवाखान्यात टाकून थोरलीकडेच गेले होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती, तरी गेले. तू होतीस ना बरोबर?”

“कुठे हो! येते म्हटलं, तर एकदम भडकले. पहाटे एकटेच वर गेले.”

संहिताला जरा बरं वाटलं.

“आणि नेमका त्याच दिवशी हरणाला कोणीतरी शेंदूर फासला,” क्षितिजा म्हणाली. “खालच्या वस्तीतले लोक पूर्वी फासायचे. मतलब, लेकरू हाती लागत नाही असं दिसलं की आईबापाने वर चढून हरणाला शेंदूर लावायचा. लेकरू वाचतं म्हणे. चित्राची पार वाट लागायची. सरांनीच बंद करवलं. एक बाई तर पाया पडत होती, तिलाही खाली धाडलं. म्हणाले, दगडाला काय कळतं? दवाखान्यात ने.”

“मग या वेळी कोण?”

“सरांनी चौकशीच करू दिली नाही. आता ते नाहीत, तर ऑफिसवाले वस्तीचा वर जायचा रस्ताच बंद करायला निघालेत. त्यांचे देव आहेत वर, लाकूडफाटा आहे.”

“मग मी काय करू?” संहिताचा आवाज चढला. “मला एकदा तरी नेलं का तिथे? तुमचा डोंगर, तुमचं हरीण. तुमचं तुम्ही बघा ना.”

क्षितिजाने कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

“बिबट्यासाठी वर कॅमेरा लावलेला होता. पावसाळ्यात जाता आलं नाही, कार्ड परवा काढलं. अजून कोणाला दाखवलं नाहीये.” तिने पर्समधून फोन काढला. “खरं सांगू? तुम्हालाही दाखवावंसं वाटत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, सरांचं सगळं वरच आहे.”

तिने फोन पुढे केला.

पडद्याच्या कोपऱ्यात ऑपरेशनची तारीख होती. पहाटेच्या धूसर उजेडात बाबा धापा टाकत कपारीशी आले, बूट काढून बाजूला ठेवले, खिशातून पुडी काढली आणि हरणाच्या कपाळाला शेंदूर लावून हात जोडले.