आईसाठी पिशवी

परळीच्या शिवगंगाताई कापडी पिशव्या विकून ऊसतोड मजुरांच्या लेकरांचं वसतिगृह चालवायच्या, आणि लेकरांना शिवण, रंगकामही शिकवायच्या. पाडव्याला आया फडावरून परतणार, म्हणून त्या म्हणाल्या, “आज विकायचं काही न्हाई. ज्यानं त्यानं आपल्या आईसाठी पिशवी शिवा.”

कुणी मोर रंगवला, कुणी सूर्यफुलं. चिमुरड्या कावेरीनं मात्र मुठीएवढीच पिशवी शिवली. बंद लावलेच नाहीत. आतून तेवढं आईच्या जुन्या लुगड्याचं मऊ मऊ अस्तर लावलं.

ताईंना हसू आवरेना. “अगं येडे, एवढुशा पिशवीत आई भाजी तरी कशी आणंल?”



“भाजीला न्हाई ताई, बाळाला हाय. आईची पिशवी डॉक्टरनं काढून टाकली ना.”