तिसरा बाक

डावीकडचा दिवा पिवळा पडायला लागला, तशी मीराने सहदेवची बाही धरली.

"बघ. उतरला."

उजवीकडचा दिवा सकाळी दहाला होता तसाच पांढराशुभ्र जळत होता. आता चार वाजले होते. घाटकोपरच्या आग्रा रोडवर श्यामसुंदरशेठचं बॅटरीचं दुकान. सहदेवच्या हट्टापायी शेठने दोन बॅटऱ्या पंधरा दिवस रोज रिकाम्या करून पुन्हा भरल्या होत्या. आज एकेकीला एकेक दिवा जोडून त्यांची शेवटची परीक्षा होती.

"ही डावीकडची ट्रकची बॅटरी, इंजिन उठवायला चांगली," शेठ म्हणाला. "एका दमात देते. पण रोज रिकामी केलीत तर मरते. ही दुसरी जाड प्लेटांची. हळूहळू देईल, रात्रभर देईल."

सहदेव मुलुंडच्या कारखान्यात वायरमन होता. त्याची बायको मीरा शाळेत भूगोल शिकवायची. नकाशावर रोज बोट फिरवून ती कंटाळली होती. दोघांनी मिळून एक जुनी मॅटाडोर व्हॅन घेतली आणि सहा महिने रविवार-रविवार खपून तिच्या पोटात घर बसवलं. स्टोव्हपुरता ओटा, दोन दिवे, एक पंखा, झोपायला तीन बाक. मे महिन्यात किनाऱ्याकिनाऱ्याने थेट कन्याकुमारी. आता फक्त या घराची बॅटरी राहिली होती.

तिसरा बाक सहदेवने वडिलांसाठी ठोकला होता. गिरणी बंद पडल्यापासून पाच वर्षं धोंडूबाबा नाहूरच्या खोलीबाहेर फारसे पडलेच नव्हते. सहदेवने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, "घर आसताना रस्त्यावर कित्याक निजाचा?" आज ते आले होते ते बॅटरी उचलायला हात लागेल म्हणून. दुकानाच्या पायरीवर, सगळ्यांकडे पाठ करून बसले होते.

"हीच घेऊ," मीरा म्हणाली. तिचे डोळे त्या पांढऱ्या दिव्यासारखेच चमकत होते. "झकास आहे रे. रात्री पंखा लावून वाचत बसता येईल."

सहदेवने टेप काढला, बॅटरी मापली, मग गाडीत शिरून मापलं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"ठरवलेल्या जागेत मावत नाही. फूटभर जास्त लांब आहे. ड्रायव्हरच्या मागे पाण्याचं पिंप आहे, ओट्याखाली ठेवावी तर वर स्टोव्ह. त्याच्या शेजारी बॅटरी नको."

"हो, हिच्यातून गॅस निघतो," शेठ म्हणाला. "आगीपासून लांब, हवा लागेल अशी ठेवा."

एकच जागा उरत होती, हे मीरालाही कळलं होतं. सहदेवने पायरीकडे एकदा पाहिलं आणि हातोडी घेऊन तो गाडीत चढला.

"तिसरा बाक काढतो," तो हळू म्हणाला. "तिथे झोपणार कोण?"

पहिला खिळा कुरकुरत वर आला. दुसऱ्याला त्याने हातोडीची खाच लावली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब रे, झिला."

धोंडूबाबा गाडीच्या दारात उभे होते. त्यांनी आत वाकून पाहिलं. वीत टाकून ड्रायव्हरच्या मागची जागा मोजली. बॅटरीकडे जाऊन तिच्यावरही वीत टाकली. गिरणीत पस्तीस वर्षं मागांचे साचे बसवलेला माणूस. त्याला टेप लागत नव्हता.

"पिंप टपार चढव," ते म्हणाले. "पाणी वरसून आपसूक खाली येयत. ही त्येच्या जागेर बसता. मागच्या पत्र्याक दोन भोका पाड, वारो खेळात."

सहदेवने मापून पाहिलं. बरोबर बसत होती, वर दोन बोटं जागा उरत होती. मीरा हसली, शेठने टाळी वाजवली. सहदेव म्हणाला, "आता तिसऱ्या बाकावर सामान ठेवू."

धोंडूबाबांनी वर आलेला खिळा हातोडीच्या दोन ठोक्यांत परत बसवला. मग चपला काढल्या, गाडीत चढले आणि भर आग्रा रोडवर, दिवसाउजेडी, त्या बाकावर आडवे झाले.

"जरा आखूड आसा," ते म्हणाले. "पाय दुमडून निजतलंय. कधी निघाचा?"