टेबलावरचे पिस्टन

थोरला भाऊ गेला आणि त्याची जुनी स्पोर्ट्स कार धाकट्याकडे आली. धाकट्याने गॅरेजमध्ये तिचं इंजिन पार खोललं, एकेक भाग धुऊनपुसून टेबलावर मांडला. आता रोज दुपारी जेवण उरकलं की जाड हातमोजे चढवून तो ते जुळवत बसायचा.

आज स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "अहो, किती वेळ चालू ठेवली होतीत गाडी? आणि बंद करताना दोनदा रेस करायची ती भाऊजींची खोड तुम्ही कशाला उचललीत?"

"अगं, इंजिन अजून उघडं पडलंय. चालू कुठून होणार?"

"म्हणजे मला रोज भास होतात?"

उगाच वाद नको म्हणून त्याने टेबलावरचा एक पिस्टन उचलला आणि तिच्यासमोर नेऊन धरला. "हा बघ. हा आत बसल्याशिवाय इंजिन हूं की चूं करणार नाही."

तिने फडक्याला हात पुसून पिस्टन घेतला आणि लगेच ओट्यावर टाकला.

"सांगायचं तरी," बोटं नळाखाली धरत ती म्हणाली. "केवढा तापलाय."

त्याने हातमोजे काढले नाहीत.