आर्डिसची कुत्री

डॉली नावाच्या बीगल कुत्रीनं न्याहारीचे सॉसेज तव्यासकट खाली ओढले, आणि ऑरिनचं डोकं फिरलं. तिचा जोडीदार मूस, म्हणजे पंचेचाळीस किलोंचा लॅब्रडॉर, तंबूची दोरी चावत बसला होता. आज कॅम्पवरचा सहावा दिवस. या दोघांनी आतापर्यंत एक उशी फाडली होती, गाडीच्या मागच्या सीटवर दोनदा ओकून ठेवलं होतं आणि रोज पहाटे भुंकून आजूबाजूचे सगळे तंबू जागे केले होते. ऑरिन आधी कुत्र्यांवर ओरडला, मग मेहुणीवर. मेहुणी आर्डिस तिकडे नॉर्थ डकोटात आपल्या घरी होती, तिला काही ऐकू गेलं नाही. बाकी सगळ्या कॅम्पनं ऐकलं.

निघायच्या चार दिवस आधीच आर्डिसचे गुडघे कसे काय धरले आणि तिची कुत्री आपल्याकडे कशी आली, हा प्रश्न त्यानं बायकोला सहाव्यांदा विचारला. मार्लीस खाली मान घालून तवा पुसत राहिली.

त्याचं चिडणं खरंच होतं. पण आतून तो त्याच कुत्र्यांचा आभारी होता, आणि त्याचीही त्याला चीड येत होती. चौतीस वर्षं तो विजेच्या खांबांवर चढत आला होता. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्याला बजावलं, आता चढणं बंद, तुमचं हृदय ते सोसायचं नाही. हे त्यानं मार्लीसला सांगितलंच नव्हतं. गोळ्या मासेमारीच्या डब्यात लपवल्या होत्या. आणि ही सहल तर वर्षभर आधी ठरलेली. लग्न झाल्या झाल्या दोघं ज्या तळ्यावर गेली होती, तिथं एक्केचाळीस वर्षांनी पुन्हा चढून जायचं. तिला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं, या विचारानं तो हैराण झाला होता. अशात ही कुत्री गळ्यात पडली. इथं राष्ट्रीय उद्यानात कुत्र्यांना पायवाटेवर नेऊ देत नाहीत. एकानं फिरायला जायचं, दुसऱ्यानं पट्टे धरून गाडीपाशी बसायचं. तेव्हा ऑरिन रोज मोठा त्याग केल्याच्या थाटात म्हणे, जा तू, मी बसतो या राक्षसांपाशी. मार्लीस जाई आणि अर्ध्या तासात परत येई. हिला धड काही बघताही येत नाही, म्हणून तो पुन्हा कुत्र्यांवर खेकसे.

आज तळ्याचा दिवस होता. तो नेहमीचं वाक्य म्हणणार, तेवढ्यात शेजारच्या तंबूतल्या बाई कॉफीचा मग घेऊन आल्या. नाव ग्रेटा. आयडाहोत जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं काढलेल्या.

"सहा दिवस तुमचं ऐकतेय," त्या हसून म्हणाल्या. "ठेवा दोघांना माझ्याकडे. मला सवय आहे. तुम्ही जोडीनं जाऊन या तळ्यावर."

सगळ्या कॅम्पला ऐकू जाईल असा सहा दिवस बोंबलल्यावर आता नाही कसं म्हणणार? ऑरिन खाली बसला आणि बुटांच्या नाड्या बांधू लागला. चार मैल. दोन हजार फूट चढ. नुसत्या वाकण्यानंच त्याला धाप लागली होती. तरी तो मुकाट्यानं बांधत राहिला, कारण खरं सांगण्यापेक्षा चढून जाणं त्याला सोपं वाटत होतं.

"नको," मार्लीस एकदम म्हणाली. "चावतात ती."

त्या वेळी डॉली ग्रेटाबाईंच्या पायांवर पोट वर करून पडली होती आणि मूस त्यांचा हात चाटत होता. बाईंनी खाली पाहिलं, मार्लीसकडे पाहिलं आणि आपला कॉफीचा मग घेऊन त्या चालू लागल्या.

ऑरिनचा पारा चढला. सुटल्यासारखं वाटलं म्हणून तो आणखीच चढला. ग्रेटाबाईंना काय वाटलं असेल, भल्या बाईचा अपमान केलास, जन्मात कधी खोटं बोलली नाहीस आणि आज या दोन हैवानांसाठी बोललीस, असं तो बरंच काही बोलला. शेवटी त्यानं फोन पुढे केला. "लाव आर्डिसला. माझ्या गळ्यात ही ब्याद मारून ती तिकडे पाय पसरून बसलीय. आज तिला ऐकवतोच."

मार्लीसनं फोन घेतला नाही.

"तिचे गुडघे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "कुत्र्यांच्या आठवणीनं रोज रडतेय बिचारी."



"औषधाच्या दुकानातल्या बाईनं मला विचारलं, ऑरिनला हृदयाच्या नव्या गोळ्या मानवल्या का म्हणून. तू काही बोलेनास. सहल रद्द करू म्हटलं असतं, तर हट्टानं चढला असतास." तिनं त्याच्यापुढे बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. "मग मी आर्डिसच्या हातापाया पडून कुत्री मागून आणली. वर कुत्र्यांना नेऊ देत नाहीत, हे आधी इथं फोन करून विचारून घेतलं होतं."