खळीवाला राजा

चांदीच्या जुन्या नाण्यातलं व्यंग टाकसाळीतलं असेल तर त्याला सोन्याचा भाव, नंतर कुठे ठेचलं असेल तर ते कवडीमोल; आणि हा फरक ओळखण्यात पारखीबुवांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजींच्या नाण्यावर राजाच्या गालाला पडलेली खळी त्यांनी अर्धा तास भिंगातून न्याहाळली.

"टाकसाळीत साचाच चुकलाय! असा राजा जगात एकच," म्हणत त्यांनी दाखल्यावर सही ठोकली.

"एकच कसा?" आजींनी रुमालातून आणखी तीन खळीवाले राजे काढले. "लोखंडी कपाटाच्या चारी पायांखाली चाळीस वर्षं हेच तर होते!"

पारखीबुवांनी घाम पुसला, दुकानाचं दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं,

"आजी, कपाट विकायचंय का?"