बिनमिठाची आमटी

नुआलाने चार नंबरच्या टेबलावरची प्लेट परत आणली आणि काउंटरवर ठेवली.

"योर मॅन, तो चार नंबरचा गिऱ्हाईक, म्हणतोय, सगळं ग्रँड आहे, फक्त खाववत नाही," ती म्हणाली. "खारट आहे. या आठवड्यातली ही तिसरी, शेफ."

हर्षवर्धनने प्लेट आत नेली आणि त्याच पातेल्यातून दुसरी भरायला घेतली.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या सरिताबाईंनी हे पाहिले आणि त्या उठल्या. पुण्याहून मुलाकडे परदेशी येऊन त्यांना दीड महिना झाला होता. मलिंगार गावाबाहेरचे हे छोटेसे बिस्त्रो, म्हणजे फ्रेंच पद्धतीची खानावळ, आणि त्याला लागून मागे मुलाचे घर. तरीही बिस्त्रोचे दार त्यांनी आजवर ओलांडले नव्हते. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या खेड्यांत रांधतात तसे जेवण इथे बेताच्या दरात मिळे, आणि त्यासाठी शेजारच्या जिल्ह्यांतूनही माणसे येत. दारावर एका खाद्यमार्गदर्शिकेची पाटी होती. ती मिळवायला हर्षवर्धनला अकरा वर्षे लागली होती. सरिताबाईंना त्या पाटीचा अभिमान होता. तिथल्या मांसाहारी जेवणाशी संबंध नव्हता. दुपारी देवाला नैवेद्य दाखवावा, गोग्रासाची पोळी मागच्या कुंपणाशी जाऊन गायींना भरवावी, मगच स्वतः पानावर बसावे, हा क्रम त्यांनी इथेही मोडला नव्हता.

स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या.

"राहू दे चपला, आई. फरशी तेलकट आहे."

"काल रात्रीच्या आमटीत मी मीठ घातलं नव्हतं," सरिताबाई म्हणाल्या.

हर्षवर्धनच्या हातातला डाव थांबला.

"स्वरूपा पहिल्याच घासाला थांबली, मी सुनेला डोळ्यांनीच गप्प केलं. तू दोनदा मागून घेतलीस. वर म्हणालास, आई, तुझ्या हातची चव अजून तशीच आहे."

त्याने दार लोटून घेतले. "घशाचा कॅन्सर गेला, पण रेडिएशनच्या किरणांनी चवही गेली. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभरात परत येईल. चौदा महिने झाले."

"इतके दिवस कसं निभावलंस?"

"हाताखाली डेक्लन होता. तो चाखायचा. महिन्यापूर्वी तो गॉलवेला गेला."

"आणि स्वरूपा? तुझी बायको आहे ना ती?"

"ती पहाटे सहाला कारखान्यात जाते, आई, ती दुपारी तीनला येते."

"मग या मुलीला सांग."

"नुआलाला? संध्याकाळपर्यंत मलिंगारभर होईल. ज्या आचाऱ्याला चवच कळत नाही, त्याच्याकडे कोण जेवायला येईल?"

"कोणी येणार नाही," सरिताबाई म्हणाल्या.

तो भिंतीला टेकला. "वाटलं होतं, हाताला कळेल. तू नाही का सगळा स्वयंपाक न चाखता करत? नैवेद्याआधी जिभेला काही लावायचं नाही म्हणून? साठ वर्षं तुझं मीठ चुकलं नाही."

"साठ वर्षं मी एकाच घराचा स्वयंपाक केला. आणि चुकलंच असेल कधी, तर देव पान परत पाठवत नाही." त्यांनी हात पुढे केला. "चमचा दे."

"आई, त्यात बदक आहे."

"मी विचारलं का?"

त्याने चमचा दिला. सरिताबाईंनी पातेल्यातला रस्सा घेतला, फुंकर घातली आणि तोंडात घेतला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी तो गिळला.

"खारट आहे."

"ते झालंच. बाकी बरोबर आहे?"

"बरोबर म्हणजे कसं? मला काय ठाऊक, हे कसं लागायला हवं ते?"

हर्षवर्धनने डोळे मिटले. फ्रान्समधल्या ज्या खेड्यात तो शिकला, तिथल्या म्हाताऱ्या आचारणीने त्याला जसे सांगितले होते, तसेच तो सांगू लागला.

"आधी मीठ लागायचंच नाही. आधी घेवड्याचा गोडवा. मग बदकाची चरबी, टाळूला, तुपासारखी. आणि घास गिळून झाल्यावर लवंग. असून नसल्यासारखी."

"पाणी घाल," सरिताबाई म्हणाल्या. "अजून. शिजलेला घेवडा आहे ना, तो दोन डाव घाल. ढवळ नीट, खालपर्यंत." त्यांनी पुन्हा चमचा भरला. "चरबी कळली. लवंग नाही."

लवंगेची पूड पडली. एक उकळी आली. चौथ्या चमच्याला त्या थांबल्या.

"आता लागली."

नुआला प्लेट घेऊन गेली. बऱ्याच वेळाने तीच प्लेट पावाने पुसून घेतल्यासारखी स्वच्छ होऊन परत आली.

"योर मॅन विचारतोय, उरलंय का अजून?"

हर्षवर्धन हसला नाही. तो आईकडे पाहत होता. सरिताबाईंनी पदराने ओठ टिपले, चमचा नळाखाली धुतला आणि त्या शेगडीवरच्या दुसऱ्या, मोठ्या पातेल्याकडे वळल्या. इथल्या शेतकऱ्यांकडून सर्वांत जास्त मागणी त्याच पातेल्यातल्या गोमांसाच्या रस्स्याला असे.

हर्षवर्धनने झाकणावर पंजा ठेवला.

"हे नको, आई. हे तू नाही चाखायचं."

खिडकीतून मागचे कुंपण दिसत होते. पोळीची वेळ टळून गेली होती. तांबडी गाय तारेशी मान वर करून उभी होती.

सरिताबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग मुलाच्या हाताकडे. झाकण तापलेले होते. तरी त्याने हात काढला नव्हता.

"भाजेल. हात काढ," त्या म्हणाल्या. "पूजा आणि गोग्रास आजपासून स्वरूपाकडे. पहाटेच सांगितलंय मी तिला."