फक्त येऊन बसा

"काही बोलू नका. फक्त येऊन बसा," ती म्हणाली. "मागच्या बाकावर बसलात तरी चालेल."

ती परिचारिका होती. राजदूतांनी स्वतःच्या खिशातून या शहरात मुलांचा दवाखाना बांधून दिला होता, तिथली. कामाची पाळी संपवून तशीच, गणवेशातच दूतावासात आली होती. तिचा भाऊ एक लहानसं साप्ताहिक चालवायचा. धरणाच्या कामात कुणी किती खाल्लं ते त्याने छापलं आणि पोलिसांनी त्याला उचललं. आज निकाल होता.

"मी तुम्हाला मोठा वकील देतो," राजदूत म्हणाले. "फीची काळजी करू नका."

"वकील चांगलाच आहे, साहेब. पण आमच्याकडे कोर्टाला वकिलाचं ऐकू येत नाही. कोण येऊन बसलंय, ते मात्र दिसतं."

इथे येण्याआधी राजदूत हयातभर एका वर्तमानपत्राचे प्रकाशक होते. असली बातमी त्यांनी पहिल्या पानावर घेतली असती आणि घरी जाऊन शांत झोपले असते. आता बाजूच्या खुर्चीत सचिव बसला होता, आणि त्यांच्याऐवजी तोच बोलला, "बाई, आम्ही या प्रकरणावर लक्ष ठेवून आहोत."

"लांबूनच ना?" ती म्हणाली आणि उठली. तिला कोर्टात पोचायचं होतं.

दार लागल्यावर सचिवाने आवाज खाली घेतला. "तुम्ही तिथे दिसलात, की आपल्या सरकारने बाजू घेतली असं होईल. आणि दवाखान्याचा परवाना याच महिन्यात नवा करायचाय. त्यावर सही इथल्याच सरकारची लागते, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हणजे मी दवाखाना बांधला, की स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेतला?"

राजदूतांनी मायदेशी मंत्रालयात फोन लावला. तिथले मोठे साहेब बैठकीत होते. कुणा कनिष्ठाने 'वर विचारतो' म्हणून त्यांना फोनवर थांबवून ठेवलं. कानाशी कसलीशी धून वाजत राहिली. पूर्वी संपादक घाबरत घाबरत विचारायला आला, की ते मान वर न करता म्हणायचे, "छापा. मी आहे." विषय संपला. आता ती धून तीनदा संपून पुन्हा सुरू झाली, तेव्हा कुठे उत्तर आलं. लेखी पाठवा.

त्यांनी फोन इतक्या जोरात आपटला, की पेनांचा पेला आडवा झाला.

वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. बायको संध्याकाळच्या मेजवानीत कुणाला कुठे बसवायचं ते ठरवत होती. ते खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालू लागले.

"अहो, टेका जरा कुठेतरी. फरशी झिजवाल."

त्यांनी सगळं सांगितलं.

"मग जा ना."

"जा ना काय? गाडीवर झेंडा आहे."

"पायांवर नाही ना? चालत जा."

"आणि उद्या दवाखान्याला कुलूप लागलं तर? ती पोरं कुठे जातील?"

"ती बाई त्याच पोरांना सांभाळते," बायको म्हणाली. "हा विचार तिने केला नसेल?"

ते जागच्या जागी उभे राहिले. मग खुंटीवरचा कोट ओढला आणि बाही चढवतच जिना उतरले.

फाटकावरचा शिपाई आडवा आला. "साहेबांना एकटं सोडायचा हुकूम नाही."

"कुणाचा हुकूम?"

"आपलाच, साहेब."

बरोबर द्यायचा अंगरक्षक जेवायला गेला होता. त्याला शोधायला माणूस धावला. राजदूत फाटकाचे गज धरून उभे राहिले. एवढ्यात सचिव धापा टाकत आला. "मंत्रालयातून परत फोन आहे!"

"मी बाहेर गेलोय म्हणून सांगा."

"कुठे म्हणून सांगू?"

"बाहेर!" ते इतक्या मोठ्याने ओरडले, की शिपायाच्या हाताने आपोआप कडी सरकवली.

ते निघाले. दोन चौक चालले, पुढचे दोन जवळजवळ पळाले. कोर्टाच्या दारात पोलिसाने त्यांचे खिसे रिकामे करायला लावले, ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं, आत कुणालातरी नेऊन दाखवलं, परत आणून दिलं.

वरून लोक खाली उतरत होते. परिचारिका जिन्याच्या मधल्या वळणावर कठडा धरून उभी होती. शेजारी वकील कागद पिशवीत भरत होता.

"किती?" राजदूतांनी विचारलं.

"सात वर्षं."

"मला... फाटकावर..." ते म्हणाले.

"वकिलांनी कोर्टात ठोकून दिलं होतं, तुम्ही येताय म्हणून," ती म्हणाली. "न्यायाधीशांनी वाट बघितली, साहेब. कागद समोर ठेवून चष्मा पुसला, दाराकडे पाहिलं. परत पुसला, परत पाहिलं. मग वाचायला लागले."